तुडम्यांची त्रेचाळीस घरं

वच्छला तुडमे रागावल्या की आवाज चढवत नाहीत, निवडायला बसतात. त्या रविवारी नागपूरच्या नंदनवन भागातल्या घरी तुरीची डाळ निवडून झाली, मग मुगाची, मग तांदूळ. एवढं होऊनही त्यांनी बंद पाकिटातला साबुदाणा परातीत ओतला, तेव्हा सून मोनाली स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मोनाली शाळेत शिकवते. कोणाचं काय बिनसलंय हे तिला चेहऱ्यावरून कळतं.

"साबुदाण्यात काय निवडता आई?"

"खडे."

"पॅकिंगचा आहे तो."

"पॅकिंगच्या मालात खडे नसतेत, हे कोनं सांगतलं तुले?"

परातीशेजारी एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक उघडं पडलं होतं. पान नऊ. वर नाव होतं, 'तुडमे कुलवृत्तांत : उगम आणि विस्तार'. संपादक गिरिधर तुडमे, निवृत्त अभियंता. पुढच्या रविवारी रिंगरोडवरच्या एका लॉनमध्ये तुडम्यांचं पहिलं संमेलन होतं, तिथं ते घरटी एक असं वाटायचं होतं. वच्छलाबाईंना आठवडाभर आधी मिळालं, कारण पुस्तकातली निम्मीअधिक माहिती त्यांच्याच घरातून गेली होती.

मोनालीनं पान नऊ वाचलं. मग खाली बसली आणि साबुदाणा निवडू लागली.

तुडमे हे आडनाव सहसा कानावर पडत नाही. नागपुरात मेश्राम, बोरकर, वानखेडे गल्लीगल्लीत सापडतील. तुडमे म्हटलं की समोरचा माणूस थांबतो आणि विचारतो, "कुठले तुडमे?" वच्छलाबाईंना हा प्रश्न चांगला ओळखीचा. आडनावावरून माणूस कोणता ते ठरवायची आपल्याकडे सवय, आणि या आडनावावरून ते ठरत नाही, म्हणून तो 'कुठले'. त्यात गावाची चौकशी नसतेच. लग्नानंतर नवऱ्याबरोबर, म्हणजे धम्मानंदांबरोबर, त्या भाड्यानं खोली बघायला गेल्या होत्या. मालकीणबाईंनी चहा टाकला आणि गोडीगोडीनं चार वेळा विचारलं, कुठले तुडमे. पाचव्यांदा विचारण्याआधी वच्छलाबाई म्हणाल्या, "आमी बौद्ध. खोली देता का चहावरच वाटे लावता?" खोली मिळाली नाही. चहा मात्र त्यांनी पूर्ण प्याला, कपबशी स्वतः विसळली आणि मग निघाल्या.

पुढं तीस वर्षं त्या कळमन्याच्या बाजारात मिरच्यांचे देठ खुडायला जात. धम्मानंद तिथंच हमाल होते. हाताची आग अशी व्हायची की घरी आल्यावर भाकरीचं पीठही मळवायचं नाही, तुळसाबाई म्हणजे सासूच मळून ठेवायच्या. पण बाजारात सगळ्या मुलखातला माणूस येतो. लग्नसराईत शेतकरी माल घेऊन येत तेव्हा पिशवीत पत्रिकांचा गठ्ठाही असायचा, ओळखीच्या हमालांना, मापाऱ्यांना वाटायला. एकदा अशाच एका पत्रिकेवर वच्छलाबाईंना तुडमे दिसले. ना नात्यातले, ना ओळखीचे, तुमसरकडचे कोणीतरी. त्यांनी ती पत्रिका मागून घेतली. मग दुसरी मिळाली. मग सवयच लागली. बाजारातल्या बायका म्हणत, "वच्छला, तुह्या सासरचे आले वं," आणि पत्रिका हातात देत.

पोती शिवायच्या दाभणानं भोक पाडून त्या प्रत्येक पत्रिका सुतळीत ओवायच्या. ज्या वर्षी मिळाली त्या क्रमानं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तीनशे अठरा पत्रिका झाल्या. वर गणपती असलेल्या होत्या, बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो असलेल्याही होत्या. सुतळी एकच.

लग्नपत्रिका ही फार बोलकी गोष्ट. मुलाचं गाव, तालुका, मुलीचं गाव, मामाचं गाव, आपले विनीत म्हणून खाली पन्नास माणसं. त्या पत्रिका वाचता वाचता वच्छलाबाईंना एक गोष्ट उमगली होती. हे आडनाव जिथं जुना तलाव आहे तिथंच सापडतं. रामटेक तालुक्यात सात गावं, मौद्याकडे दोन, तुमसरकडे चार, आणि पलीकडे बालाघाटात तीन. सोळाच्या सोळा गावांत मालगुजारीच्या काळातला तलाव.

त्याचं कारण त्यांना सासऱ्यांकडून माहीत होतं. अशा तलावात पाळीजवळ, म्हणजे मातीच्या बांधाजवळ, दगडी खांबांचं एक बांधकाम असतं. त्यात एकाखाली एक भोकं, प्रत्येक भोकात लाकडाचा दट्ट्या. त्याला तुडूम म्हणतात. शेताला पाणी सोडायचं तर माणसानं पाण्यात उतरायचं, बुडी मारून त्या पातळीचा दट्ट्या ओढायचा. हे काम ज्यांचं ते तुडमे. रामटेककडच्या बेलबोडी गावात अशी दोन घराणी होती. एक पाळीवर उभं राहून आज कोणाच्या धानाच्या बांधीला पाणी, ते ठरवणारं. दुसरं टोलीवरचं, म्हणजे गावाबाहेरच्या महारवस्तीतलं, पाण्यात उतरणारं. नाव दोघांनाही एकाच तुडमावरून मिळालं. दुसरीकडे नवा तलाव झाला की तिथले लोक बेलबोडीहून जाणता माणूस बोलावून घेत, आणि तो तिथंच राहून जाई. आडनाव असं तलावातलावानं पसरलं.

गिरिधर तुडमे पहिल्यांदा घरी आले तेव्हा वच्छलाबाईंनी त्यांना हे सगळं सांगितलं होतं. गिरिधर पाळीवरच्या घराण्यातले, पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेले. त्यांनी दोनदा चहा घेतला, चिवडा मागून घेतला, ताई ताई म्हणाले. सोळा गावं कागदावर मांडली, तेव्हा त्यांचे डोळे चमकले होते. "ताई, मी जन्मभर तलाव मोजले, पण हे माझ्या डोक्यात आलं नाही." वच्छलाबाईंना त्या दिवशी फार बरं वाटलं. त्यांनी अख्खी सुतळी काढून गिरिधरांच्या हवाली केली, आणि वर देवाजींची गोष्टही सांगितली.

देवाजी म्हणजे त्यांचे सासरे. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेऊन बेलबोडीला परतले आणि दुसऱ्याच दिवशी गावाला सांगून आले, आता तुडमात उतरणार नाही, गावकीचं काम बंद. नऊ वर्षं टोलीतलं कोणी उतरलं नाही. मग एका पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. दट्टे फुगून घट्ट बसले, बांबूला आकडे लावूनही हलेनात, आणि पाळीतून पाणी झिरपू लागलं. गाव उंचावर होतं. टोली पाळीच्या बरोबर खाली. पाळ फुटली तर आधी टोलीच वाहून गेली असती. देवाजी उतरले. तीनदा बुडी मारली आणि तिसऱ्या बुडीला दट्ट्या घेऊनच वर आले. गावानं धानाची पायली पुढं केली तर म्हणाले, "ठेवा. पानी माह्या घरात येत होतं म्हनून उतरलो. तुमच्या कामाले नाई."

आता पान नऊ. त्यावर लिहिलं होतं, तुडमे घराणं मूळ राजस्थानातल्या तुडमगढ किल्ल्याचं, सैन्याबरोबर विदर्भात आलं. या वीरवंशातले आमचे पूर्वज देवाजी पाटील तुडमे यांनी ग्रामरक्षणार्थ महापुरात उडी घेतली. शेजारी नकाशा. त्यात गावं सोळाच, पण बेलबोडीच्या पुढं घरं एकोणीस. टोलीतली त्रेचाळीस घरं कुठंच नाहीत. मौद्याकडचे, तुमसरकडचे, बालाघाटातले बौद्ध तुडमेही नाहीत.

"तुडमगढ कुठं आहे?" मोनालीनं मोबाइलवर शोधून पाहिलं. "सापडत नाही आई."

"असंल तर सापडंल."

"पण बाबांचे बाबा तर आले ना पुस्तकात. पूर्वज म्हणून."

"कोन आलं?" वच्छलाबाईंनी साबुदाण्याची परात बाजूला सारली. "देवाजी पाटील कोन हाय वं? मी वीस वर्षं भाकरी वाढली ज्याले, त्या मानसाले या घरात कोनी पाटील म्हटलं असतं, तर त्यानं ताट सरकवलं असतं. आन् टोली नसंल, तर तो मानूस पान्यात उतरला काहून? हवा खाले?"

बुधवारी त्या गिरिधरांच्या घरी गेल्या. गिरिधर हसतमुखानं दारात आले. घरातून पाणी आलं, वच्छलाबाईंनी ते तसंच टेबलावर ठेवलं.

"पुस्तक वाचलं ताई?"

"नववं पान वाचलं. पुढं जाताच नाई आलं."

गिरिधर खुर्चीत सावरून बसले. "हे बघा, मी एकटा नाही, समिती आहे. तरुण पोरांनी पत्रिका लावल्या. गणपतीवाल्या एका बाजूला, बाकीच्या दुसऱ्या बाजूला. शेवटी कुलवृत्तांत आहे, कुठंतरी हद्द घालावी लागते."

"पत्रिका माह्या आन् हद्द तुमची."

"तुमच्यावर अन्याय कुठं झाला? तुमची पत्रिका गणपतीवाल्यात निघाली, म्हणून तर देवाजीकाका आत आले. उलट मान मिळाला त्यांना."

ती पत्रिका वच्छलाबाईंच्याच लग्नाची होती. त्यांच्या वडिलांनी घाईत रामटेकला छापून घेतली, आणि छापखान्यात तेव्हा गणपतीचाच कागद शिल्लक होता. देवाजींनी त्या पत्रिका बघितल्या आणि एकही वाटली नाही. सायकल काढून बावीस गावांत तोंडी आमंत्रणं केली. सगळा गठ्ठा चुलीत गेला. एकच राहिली, कारण ती एकोणीस वर्षांच्या वच्छलेनं लपवली होती. आपलं नाव छापलेलं तिनं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. म्हणजे सासऱ्यांनी जे वाटायला नकार दिला, ते आपणच जपून ठेवलं आणि आपल्याच हातानं या माणसाला दिलं. या गोष्टीचा राग गिरिधरांवरच्या रागाहून जड होता, आणि तो काढायला समोर कोणी नव्हतं.

"त्या पत्रिकेची गोष्ट मी तुमाले सांगतली होती," त्या म्हणाल्या. "चिवडा खाताना."

"सांगितली असेल."

"आन् सासरे पान्यात उतरले तवा तुमी सोता पाळीवर उभे होते. सासूबाई नाव घेऊन सांगे, गिरिधर बापाचं बोट धरून उभा होता म्हने."

"आठ वर्षांचा होतो मी ताई."

"आठ वर्षांचा मानूस आंधळा नसते."

गिरिधर खिडकीबाहेर बघू लागले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू का? लोकांना किल्ला पाहिजे. पाण्यातल्या दट्ट्यावरून नाव पडलं म्हटलं तर अर्धे लोक संमेलनालाच येणार नाहीत. टोली घातली तर उरलेले येणार नाहीत. तीनशे प्रती छापून झाल्यात. पुढच्या आवृत्तीत पाहू."

"मी आवृत्ती मागाले नाई आली. माहा सासरा मागाले आली. तुमाले आमी नको, तर त्यालेही राहू द्या. तो पाहिजे, तर त्याची टोली घ्या संग."

"ताई, आता काही होत नाही."

गिरिधरांनी पत्रिका परत दिल्या. दोन पिशव्यांत. एकीत नीट रबर लावलेले गठ्ठे. दुसरीत बाकीच्या कोंबलेल्या, कोपरे दुमडलेले. सुतळी कापली होती. कोणतं लग्न कोणत्या साली झालं, कोण आधी नि कोण नंतर, तो सगळा क्रम गेला होता.

बसमध्ये त्या दोन्ही पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या. कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं.

शनिवारपर्यंत घरात निवडण्यासारखं काही राहिलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी मोनालीकडे पेन मागितले.

"किती?"

"चार-पाच. चांगले चालनारे."

मोनालीनं शाळेच्या पिशवीतून लाल पेन काढले. वच्छलाबाईंनी ते परत केले. "लाल नको. लाल पेनानं तुमी मास्तरलोक चुका काढता. मले नाव लिहाचं हाय."

मोनालीनं लाल पेन पिशवीत परत टाकले. "आई, लोक म्हणतील, चांगल्या कार्यक्रमात वाद काढला."

"म्हनू दे. वाद मी नाई काढला, मी फक्त तिथं बसनार हाय."

"मग मीही येते," मोनाली म्हणाली. ती निळे पेन घेऊन आली. आठ.

रविवारी सकाळी लॉनवर मांडव होता, केळीचे खांब होते, एका कापडावर घोडेस्वार रंगवलेला होता. दाराशी टेबलावर पुस्तकांचे गठ्ठे. नाव नोंदवायचं आणि पुस्तक घेऊन आत जायचं. वच्छलाबाईंनी टेबलामागची एक खुर्ची ओढली आणि बसल्या. कोणी हटकलं नाही. पांढऱ्या केसांची, इस्त्रीची साडी नेसलेली बाई टेबलामागं बसली की ती समितीतलीच असणार, असं लोक धरून चालतात. पत्रिकेवरच्या गणपतीवरून जसं धरून चालले तसंच.

त्यांनी पहिलं पुस्तक उघडलं. पान नऊ. 'पाटील' या शब्दावर एक आडवी रेघ मारली. खाली समासात लिहिलं : देवाजी तुडमे, बौद्ध, बेलबोडी टोली. टोलीत तुडम्यांची ४३ घरं आहेत. ती पाळीखाली होती म्हणून देवाजी पाण्यात उतरले. मोनालीनं पुढचं पुस्तक पान नऊवर उघडून तयार ठेवलं. पहिल्या पंचवीस-तीस लोकांना काही कळलंच नाही. त्यांना वाटलं, लेखिका सही देत आहेत. एका बाईंनी तर "माझं नाव पण टाका ना" म्हटलं. वच्छलाबाईंनी टाकलं.

मग मौद्याकडचे एक शेतकरी आले, रुपराव तुडमे. त्यांनी चष्मा लावून तिथंच उभ्यानं वाचलं.

"हे काय लिहिलं जी तुमी?"

"खरं हाय ते."

"म्हंजे हा देवाजी तुमच्यातला?"

"माहा सासरा."

रुपरावांनी पान पुन्हा एकदा वाचलं. "आन् तुडमगढ?"

"ते गिरिधरभाऊले विचारा. गुगलले मालूम नाई."

रुपरावांनी पुस्तक टेबलावर परत ठेवलं. "मले बिनलिहिलेलं द्या."

"बिनलिहिलेलं नाई माह्यापाशी. घ्याचं तर हे घ्या, नाईतर राहू द्या."

ते पुस्तक न घेता आत गेले. वच्छलाबाईंचं अक्षर तिरपं जाऊ लागलं होतं. त्यांनी पुढचं पुस्तक ओढलं. आणखी चार जणांनी पुस्तकं ठेवून दिली. एकजण म्हणाला, "इथं पण यांना यायचंच असते." मोनाली उठायला लागली तर सासूनं तिचा पदर धरून खाली बसवलं. "पान उघडून दे. त्याच्यासाठी वेळ नाई."

कोणीतरी आत सांगितलं असावं. गिरिधर धावत आले. फेटा बांधला होता, तो घामानं कपाळावर सरकला होता.

"ताई, हे बरोबर नाही. थांबवा."

"तुमी म्हटलं, छापून झालं, आता काही होत नाई. होते. पेनानं होते."

"सगळ्यांसमोर तमाशा करू नका."

"तमाशा कुठं हाय? मी त बसून लिहून राहिली. आवाज तुमचा येऊन राहिला."

गिरिधर तसेच मागं फिरले आणि मंचावर गेले. स्पीकरमधून जाहीर झालं, पान नऊवर हातानं लिहिलेल्या मजकुराशी समितीचा काहीही संबंध नाही, बंधुभगिनींनी त्याकडे लक्ष देऊ नये.

मांडवात पानांचा सळसळाट झाला. ज्यांनी पुस्तक पिशवीत टाकून दिलं होतं त्यांनीही ते बाहेर काढून नववं पान उघडलं. माणसं एकमेकांच्या पुस्तकात डोकावू लागली. ज्यांच्याकडे पुस्तक नव्हतं, ते काय लिहिलंय ते बघायला टेबलाकडे आले. कोणी रागानं, कोणी नुसतं कुतूहलानं. एक म्हातारे गृहस्थ बेलबोडीच्याच शेजारच्या गावचे निघाले. त्यांनी वाचलं आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "पाळ खरंच झिरपत होती," आणि पुस्तक काखेत मारून चालू लागले. एवढंच बोलले. बाकी बरेच जण वाचून परत जागेवर जाऊन बसले. बालाघाटकडची एक तरुण बाई मात्र रांगेतून दोनदा आली, दुसऱ्यांदा घरी राहिलेल्या भावासाठी.

स्पीकरवरची घोषणा ऐकल्यापासून वच्छलाबाईंनी एक ओळ वाढवली होती : हे लिहिणारी, वच्छला धम्मानंद तुडमे, नंदनवन. आणि मोबाइल नंबर. समितीचा संबंध नसेल तर कोणाचा आहे, ते लोकांना कळायला हवं होतं.

दुपारी जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा गिरिधर पुन्हा आले. उरलेली पुस्तकं खोक्यात भरू लागले. वच्छलाबाईंनी अडवलं नाही. हातातलं पुस्तक तेवढं पूर्ण केलं, रेघ मारली, चारही ओळी लिहिल्या, पेनाला टोपण लावलं.

"किती झाले वं?" त्यांनी मोनालीला विचारलं.

"एकशे बेचाळीस."

"म्हंजे अर्धेही नाई." त्या गिरिधरांकडे वळल्या. खोकं दोन्ही हातांनी उचलल्यामुळे त्यांचा फेटा आता डोळ्यांवर आला होता आणि तो सारायला हात मोकळा नव्हता. वच्छलाबाईंनी तो सारला नाही. "हे कुठं नेऊन राहिले? घरी?"

गिरिधरांनी खोकं आणखी घट्ट धरलं.

"घरीच ठेवा. मंगळवारी येतो मी. उरलेले तिथंच बसून लिहीन. आन् त्या दिवशी पानी ठेवलं होतं नं टेबलावर, ते मी पेली नाई. मंगळवारीही नाई पेनार. आधी त्या पावसाळ्यात पाळीवर कोन उभं होतं, ते तुमच्या हातानं एका पुस्तकात लिहा. मंग पाहू."

त्यांनी पिशवी उचलली. मोनालीनं विचारलं, जेवून जायचं का, पंगतीत वांग्याची भाजी आहे. वच्छलाबाई दाराबाहेर पडल्या होत्या.